चार महिन्यांचं धान्य

माझ्या घरात चार महिने पुरेल इतकं धान्य आहे. ज्वारी, गहू, तांदूळ, तुकडा डाळ, मूग, गूळ, तेलाचा डबा, मीठ, तिखट आणि वाळवलेल्या भाज्यांच्या पुरचुंड्या. एवढंच माझ्या माहेरीही आहे. हे मी कुणापासून लपवत नाही. पाहुणा दिवाणावर बसला की खाली काय आहे ते मी त्याला सांगते, आणि मग तो जरा जपून बसतो. काही जण हसतात. आमच्या कॉलेजातले एक प्राध्यापक अधूनमधून कुठल्यातरी व्यासपीठावरून आपत्ती व्यवस्थापनावर बोलतात आणि शाल घेऊन घरी येतात. त्यांनी मला विचारलं, "मॅडम, युद्धबिद्ध होणार आहे का?" मी म्हटलं, "सर, पगार होणार आहे का तेच मला माहीत नाही. युद्धाचं कुठून सांगू?"

मी अकोल्यातल्या एका विनाअनुदानित कॉलेजात ग्रंथपाल आहे. म्हणजे सरकार पगार देत नाही आणि संस्था देते तेव्हा देते. नवरा दहावीच्या मुलांना गणित शिकवतो. माहेर अमरावतीचं. आई-बाबा तिथे दोघंच राहतात, नाल्याकाठच्या एका गल्लीत. दोन खोल्या आणि वर गच्ची. बाबा भिक्षुकी करतात. आमच्याकडे अशा माणसाला सगळे 'महाराज' म्हणतात, पण या पदवीबरोबर राज्य वगैरे काही मिळत नाही. मिळते ती दक्षिणा आणि शिधा. शिधा म्हणजे यजमानाने नमस्कार करून दिलेलं कोरडं धान्य: वाटी-दोन वाट्या तांदूळ, थोडी कणीक, डाळ, गुळाचा खडा. लहानपणी आमच्या तांदळाच्या डब्यात सात घरांचा तांदूळ एकत्र नांदायचा. नवा, जुना, जाड, बारीक, सगळा एकाच पातेल्यात शिजायचा. निम्मा मऊ व्हायचा तेव्हा उरलेला निम्मा डोळे वटारून आमच्याकडे बघत असायचा.

लॉकडाऊन लागलं तेव्हा लग्नं थांबली, वास्तुशांती थांबल्या. माणसं मरत होती, पण तेराव्यालाही कुणी कुणाला बोलावत नव्हतं. बाबांचं काम एका दिवसात बंद झालं. आमच्या संस्थेनेही पगाराबाबत मौन धारण केलं. अकोला-अमरावती म्हणजे मूर्तिजापूर, बडनेरा करत दोन-अडीच तासांचा रस्ता. त्या दिवसांत तो परदेश झाला. मी रोज फोन करायची.

"जेवलात बाबा?"

"हो, मस्त."

"काय होतं?"

"भात."

दुसऱ्या दिवशीही भात. आठवड्याने विचारलं तरी भात. वाचणं हाच माझा धंदा, पण एका शब्दाचं हे उत्तर मला वाचता आलं नाही.

हद्दी उघडल्या तशी मी मिळेल त्या एसटीने अमरावतीला गेले. बाबांनी दाराची एक फळी उघडली आणि दुसरीची वरची कडी सोडायला हात उंच केला. मनगटावरचं घड्याळ घसरत कोपरापर्यंत गेलं. त्यांनी ते घाईने खाली ओढलं आणि म्हणाले, "पट्टा सैल झाला आहे."

खरं काय ते आईने सांगितलं, बाबा समोर बसलेले असतानाच.

माहेरच्या भागात 'भाऊ' म्हणवणारे एक पुढारी आहेत. त्यांचं नाव मी सांगत नाही. ते काम शहरातल्या विजेच्या खांबांवर टांगलेल्या त्यांच्या फलकांकडे आहे. लॉकडाऊनमध्ये भाऊंची गाडी गल्लीत आली. पीठ, तांदूळ, डाळ, तेल असं किट होतं, आणि पिशवीवर भाऊंचा हसरा चेहरा. रांग लागली. बाबाही उभे राहिले. त्यांचा नंबर आला, पिशवी हातात आली, तोच फोटोवाला म्हणाला, "महाराज, मास्क खाली घ्या. पिशवी छातीशी धरा. तुमचा चेहरा दिसू द्या, अन् पिशवीवरचा भाऊंचाही." बाबांनी पिशवी रस्त्यावर ठेवली, मास्क वर ओढला आणि घरी आले.

"दोन किलो डाळ होती त्यात," आई म्हणाली. "दोन किलो! मी म्हटलं, अहो, फोटो काढल्याने काय नाक झिजते का तुमचं?"

बाबा पंचांगात तोंड घालून बसले होते. "झालं ना आता. गप बस."

"काहून गप बसू? पाच आठवडे एकवेळ जेवून राहिले आणि मला सांगून राहिले की व्रत आहे. व्रत! चाळीस वर्षं महाराजांच्या घरात काढली मी. कोणतं व्रत कधी असते ते मला माहीत नाही?"

मग मी विचारू नये ते विचारलं. "बाबा, आयुष्यभर तुम्ही लोकांकडून कोरडं धान्यच घेतलंत. मग हे घ्यायला काय झालं?"

बाबांनी पंचांग मिटलं. "शिधा घेताना मी कोण आहे ते समोरच्याला माहीत असतं," ते म्हणाले. "तिथे माझं तोंड फक्त पिशवीच्या वर काहीतरी पाहिजे म्हणून पाहिजे होतं."

मला हे पूर्ण पटलं नाही, आजही पटत नाही. पाटावर बसून घेतलेलं आणि रांगेत उभं राहून घेतलेलं पोटात गेल्यावर सारखंच. ज्या बायांनी तोंड दाखवून पिशव्या नेल्या त्या मला बाबांपेक्षा शहाण्या वाटतात. त्यांची पोरं त्या रात्री डाळ-भात जेवली. पण सत्तरीला टेकलेल्या माणसाने किती ताठ राहावं हे शिकवायला मी गेले नव्हते. मला एवढंच दिसत होतं की माझ्या बापावर तोंड आणि पोट यांतलं एक निवडायची पाळी आली आणि त्याने तोंड निवडलं. पुन्हा पाळी आली तर तो पुन्हा तेच निवडेल, आणि तेव्हा त्याचं शरीर पाच आठवडे काढणार नाही. म्हणून ती पाळीच त्याच्यावर येऊ द्यायची नाही, असं मी तिथे बसल्या बसल्या ठरवलं. कुणाची परवानगी घेतली नाही.

ग्रंथपाल असल्यामुळे पहिली चूक मी अशी केली की वाचायला बसले. संकटकाळासाठी घरात काय साठवावं याच्या याद्या इंटरनेटवर पुष्कळ आहेत आणि त्या लिहिणाऱ्यांची संकटं आपल्यापेक्षा बरीच श्रीमंत आहेत. डबाबंद मासे, सुकवलेलं मांस, वर्षानुवर्षं टिकणारी अंड्याची पूड, आणि हे सगळं ठेवायला तळघर. भिक्षुकाच्या घरी मी अंड्याची पूड पाठवली असती तर संकट वेगळं यायची गरजच राहिली नसती.

त्या सगळ्या वाचनातला एकच सल्ला मला पटला: धान्य वाळवा आणि हवाबंद करा. अकोल्यात आमच्याकडे नळ रोज येत नाही, त्यामुळे घरोघर पाण्याचे निळे ड्रम असतात. त्यातला एक मी पाण्याच्या नोकरीतून निवृत्त केला, घासला, उलटा घालून कोरडा केला. वैशाखात गहू आणून गच्चीवर पसरला. अकोल्याचं ऊन कुणाला समजावून सांगायची गरज नाही. दुपारी तीनला तो गहू मुठीत धरवत नव्हता. वाचलेलं डोक्यात होतं की हवेला संधी देऊ नये. म्हणून तो तसाच कढत गहू ड्रममध्ये ओतला, झाकण आवळलं, कडेने चिकटपट्टी फिरवली, तिच्यावर तारीख घातली आणि दोन पावलं मागे जाऊन स्वतःच्या कामाकडे आदराने पाहिलं. नवऱ्याने ड्रमला नमस्कार केला. "आता किराण्याचं लायसन काढून टाक," तो म्हणाला.

पावसाळ्यात ड्रम उघडला. वरच्या थराला कुबट वास येत होता, त्याखालच्या गव्हाने जाळं धरलं होतं, आणि सोंडे अशा थाटात फिरत होते की जणू उद्घाटनाला आले आहेत. मी आईला फोन केला.

"गरम गरमच झाकला?" तिने विचारलं.

"हो."

"रात्रभर चादरीवर पडू नाही दिला?"

"नाही."

"अगं, गरम पोळ्या डब्यात झाकल्या तर काय होते? घाम येते. तसाच धान्यालाही येते. ऊन दाखवायचं, मग घरात आणून पसरायचं, थंड होऊ द्यायचं, आणि दुसऱ्या दिवशी भरायचं. एवढी पुस्तकं आहेत तुझ्या कॉलेजात, एकातही हे नाही?"

"नाही दिसलं."

"मग कुलूप लावून टाक त्या लायब्ररीला."

त्या दिवसापासून आई या कामाची प्रमुख झाली आणि मी तिच्या हाताखाली लागले. सात घरांचा शिधा एकत्र सांभाळण्यात तिची उभी हयात गेली होती. एका घरचा किडका गहू बाकीच्या सहा घरांच्या धान्याला कसा बाटवतो हे तिच्याइतकं कुणाला माहीत असणार? तिने पहिल्यांदा सांगितलं की मोठा ड्रम नकोच. लहान लहान डबे भर. एक बिघडला तर एकच जाईल. धान्य वाळलं की नाही हे पाहायला तिच्याकडे एकच यंत्र होतं, दाढ. दाणा चावायचा, कट्ट वाजला तर भरायचा, नुसता दबला तर आणखी एक दिवस उन्हात. डाळीला एरंडेल तेलाचा हात, मुगात चाळलेली राख, गव्हात वाळवलेला कडुलिंबाचा पाला. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे साठा पुजायचा नाही, खायचा. जुना डबा काढायचा, त्याजागी नवा भरायचा. "साठवून ठेवलं आणि खाल्लं नाही तर ते धान्य नसते," ती म्हणायची, "ते दागिने असतात."

स्वस्तातली अक्कलही तिचीच. अकोल्यात डाळ मिला आहेत. तिथे तुरीची तुटलेली डाळ, तुकडा डाळ म्हणतात ती, अख्ख्या डाळीपेक्षा कितीतरी कमी भावात मिळते आणि वरणात गेल्यावर तुटली होती की नव्हती हे कुणी विचारत नाही. मी ती दर महिन्याला थोडी थोडी घेऊ लागले. पगार झाला तर चार किलो, नाही झाला तर एक. रेशनचा तांदूळ घरात आला की त्यातला एक हिस्सा बाजूला. वांगी मातीमोल झाली की फोडी करून गच्चीवर. गवार तशीच. नवरा हसायचा, पण डबे तोच वर चढवायचा.

हरभऱ्याचा पाला मात्र फुकट मिळाला, आणि तो मिळाला फुलवालीमुळे. ती माझ्या माहेरच्या गल्लीत मागच्या अंगाला राहते, देवळापाशी फुलं विकते, आणि बाबांना पूजेची फुलं, दूर्वा, बेल तिच्याकडूनच येतात. तिच्या भावाचं बडनेऱ्याच्या बाजूला शेत आहे. हरभरा वीतभर झाला की त्याचे शेंडे खुडावे लागतात. खुडले की झाडाला फांद्या फुटतात. "काकू, चाला ना शेंडे खुडाले," ती आईला म्हणाली. "मजूर लावनं भावाले परवडत नाही. तुमाले भाजी होते, त्याचं काम होते." रविवारी मी अकोल्याहून आले आणि आम्ही तिघी गेलो. हरभऱ्याच्या पानावर आंबट खार असतो; दुपारपर्यंत माझी बोटं चुरचुरायला लागली. फुलवाली माझ्याकडे पाहून म्हणाली, "ताई, पुस्तकाचं पान उलटवनं सोपं हाये, नाही?" तीन पोती पाला निघाला. वाळल्यावर त्याचं एक गाठोडं झालं. पावसाळ्यात भाजी महाग झाली की मूठभर पाला, थोडी तुकडा डाळ, जिऱ्या-मिरचीची फोडणी. त्या गाठोड्यात आमचा अख्खा श्रावण मावला.

या सगळ्याला एकट्या बाबांचा विरोध होता. उद्याची चिंता आज करणं हे त्यांच्या धर्मात बसत नव्हतं.

"पाखरं साठा करतात का?" त्यांनी मला विचारलं.

"मुंग्या करतात."

"साठा म्हणजे भीती."

"हो बाबा, भीतीच आहे. निदान डब्यात तरी राहते."

आणि दारात कुणी मागायला आलं की बाबा सरळ नव्या डब्यात हात घालायचे. आईने डब्यांना कुलूप लावलं नाही. तिने फक्त ते इतक्या उंच फळीवर ठेवले की परोपकार करायला स्टुलावर चढावं लागेल. बाबांचे गुडघे दुखतात.

तीन वर्षांत दोन्ही घरी चार महिन्यांची बेगमी झाली. मग पाण्याची पाळी आली.

आषाढात मी दोन दिवसांसाठी अमरावतीला गेले होते. पाऊस आधीपासून सुरू होता, तो थांबलाच नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी नाला गल्लीत आला. आमच्या घराला चार पायऱ्या आहेत. पाणी तिसरीवर थांबलं. फुलवालीच्या घराला पायरीच नाही. ती, तिची सासू आणि दोन मुली चादरीत भांडी बांधून आमच्याकडे आल्या. वीज गेली, नळ गेला, एसटी बंद झाली, दुकानांत पाणी शिरलं. आमच्या बाहेरच्या खोलीत नऊ पोटं जमली, कारण शेजारचे एक म्हातारे काका-काकूही आले. आणि तरी आज काय खायचं हा प्रश्न त्या घरात चार दिवसांत एकदाही काळजीने विचारला गेला नाही. विचारला गेला तो आवडीने. ज्वारीच्या कण्या, डाळ-भात, वाळल्या वांग्याची भाजी. आई अशा तोऱ्यात वाढत होती की जणू नाला तिनेच बोलावला होता. बाबा मुकाट्याने दोन्ही वेळ जेवत होते. मी त्यांच्या मनगटावर लक्ष ठेवून होते. घड्याळ जागच्या जागी होतं.

पाचव्या दिवशी पाणी उतरलं आणि भाऊंची गाडी आली.

भाऊ स्वतः आले होते. पायांत नवेकोरे गमबूट. गल्लीत एवढा चिखल होता, पण गमबुटांना अजून त्याची ओळख व्हायची होती. मागे कार्यकर्ते, पिशव्या, फोटोवाला. भाऊंनी बाबांना ओट्यावर पाहिलं आणि दोन्ही हात जोडले.

"महाराज, मागच्या खेपेला गैरसमज झाला आमच्या पोरांकडून. या खेपेला तसं नाही. पहिलं किट तुमच्या हातून वाटू. तुम्ही द्यायचं. आशीर्वाद राहू द्या."

खोटं कशाला लिहू? बाबांचा हात उपरणं सारखं करायला गेला. घेताना ज्याने तोंड लपवलं त्याला देताना दाखवायला काय हरकत होती? भाऊंना माणसाची पारख आहे. उगाच ते इतक्या खांबांवर पोचले नाहीत. मी बाबांच्या शेजारी उभी होते आणि मला खरंच माहीत नव्हतं की ते काय करतील.

"फोटो काढणार का?" बाबांनी विचारलं.

"फोटो तर लागतेच ना महाराज. वर पाठवा लागते."

"लोकांचे?"

"तुमचा अन् लोकांचा."

बाबांचा हात उपरण्यावरून खाली आला. "मग मला जमणार नाही," ते म्हणाले.

भाऊ हसले, त्यांनी पुन्हा हात जोडले, आणि रांग लावायला सांगितली. फुलवाली आमच्या खोलीतून उठली.

"कुठं चालली?" आईने विचारलं. "इथं खायला आहे ना."

"हाये ना काकू. पन माह्या घरात पीठ गेलं, गादी गेली, चिखल भरला. तुमच्याइथं किती दिवस खाऊ? अन् खाल्लं तरी पिशवी काहून सोडू?"

ती जाऊन रांगेत सगळ्यात पुढे उभी राहिली. पिशवी तिच्या हातात आली आणि फोटोवाला म्हणाला, "बाई, पदर मागे घ्या. चेहरा दिसू द्या."

फुलवालीने पदर पुढे ओढला, पार हनुवटीपर्यंत.

"अवो बाई, मागे म्हटलं मागे."

"किट माह्या तोंडाले देऊन राहिले का पोटाले?" पदराच्या आतून आवाज आला.

रांगेत कुणीतरी खुसकन हसलं.

"चेहऱ्याबिगर फोटो कसा यील?"

"पोटाचा काढ ना मंग. खानार तं थेच हाये."

आता सगळेच हसले. तिच्या मागच्या बाईने पदर ओढला. तिच्या मागच्या माणसाने खांद्यावरचा दुपट्टा तोंडाला गुंडाळला. वऱ्हाडात तोंड बांधायला कुणाला शिकवावं लागत नाही. उन्हाळाभर अख्खं गाव दुपट्टे बांधून फिरतं, आणि बाजारात सख्खा भाऊ भेटला तरी आवाजावरून ओळखावा लागतो. दोन मिनिटांत रांगेत एकही चेहरा उरला नाही. फोटोवाल्याने भाऊंकडे पाहिलं. भाऊंनी मोबाइलमध्ये पाहिलं. पिशव्या परत नेता येत नव्हत्या. गाडीला भोंगा होता आणि तो सकाळपासून मदत आल्याचं सांगत फिरत होता.

मी हे पाहण्यात गुंतले होते, त्यामुळे बाबा शेजारून कधी गेले ते मला कळलं नाही. आईचा आवाज आला, "अगं बाई, हे कुठं चालले?"

बाबा चार पायऱ्या उतरून, चिखलातून, गुडघा धरत रांगेच्या शेवटी जाऊन उभे राहिले. त्यांनी उपरणं सोडलं आणि डोक्यावरून तोंडावर घेतलं, नवरीसारखं. फक्त चष्मा तेवढा बाहेर. ज्या घरात चार महिन्यांचं धान्य होतं त्या घरचा कर्ता माणूस फुकटच्या पिठासाठी उभा होता, आणि मला त्याला हाक मारून परत बोलवावं की काय ते सुचेना. त्यांच्या पुढे वीस-बावीस माणसं होती. ते सगळा वेळ उभे राहिले. पुढच्या माणसाशी नाल्याच्या भिंतीबद्दल बोलत होते.

नंबर आला तेव्हा भाऊंनी त्यांना चष्म्यावरून ओळखलं. "महाराज? तुम्ही?"

"हो," उपरण्यातून बाबा म्हणाले. "द्या."

फोटोवाल्याने कॅमेरा उचललाच नाही.

पिशवी घेऊन ते सरळ आमच्या खोलीतल्या म्हाताऱ्या काका-काकूंकडे गेले, कारण त्या दोघांना रांगेत उभं राहणं शक्य नव्हतं. ती त्यांच्यापुढे ठेवली आणि पाय धुवायला मागे गेले. मी त्यांच्या मागे गेले.

"बाबा, घरात सगळं असताना कशाला उभे राहिलात? काकांसाठी मी राहिले असते."

ते तांब्याने पाय धूत होते. "त्या वेळी पोटात काही नव्हतं गं," ते म्हणाले. "उपाशी माणसाला रांगेत वाटतं की सगळी गल्ली आपल्याकडेच पाहून राहिली. आज नीट पाहिलं. कोणी पाहत नाही. सगळे पिशवीकडे पाहतात."

"मग तोंड कशाला झाकलंत?"

"सगळ्यांनी झाकलं होतं ना."

भाऊंनी पूरग्रस्तांच्या मदतीचा फ्लेक्स लावला. त्यात भाऊ आहेत, गमबूट आहेत आणि पिशव्यांचा ढीग आहे. माणूस एकही नाही. पुढच्या वेळी ते काहीतरी वेगळं काढतील; मी त्यांना कमी लेखत नाही. आणि सगळीकडे हे चालेल असंही मी म्हणत नाही. पोटात चार दिवस काही नसलेल्या माणसाने तोंड झाकावं अशी अपेक्षा मी करणार नाही. आमच्या गल्लीत त्या दिवशी हे जमलं, कारण रांगेतली पुष्कळ माणसं आदल्या दिवशी जेवलेली होती. काही आमच्याकडे, काही एकमेकांकडे.

ही हकिगत प्राध्यापकांच्या कानावर गेली. त्यांनी मला त्यांच्या कार्यक्रमात अन्नसुरक्षेवर दोन शब्द बोलायला बोलावलं. शाल-श्रीफळ देऊ म्हणाले. मी म्हटलं, शालीऐवजी ज्वारीचं पोतं देणार असाल तर येते. त्यानंतर बोलावणं आलेलं नाही.

नऊ माणसांनी अमरावतीचा साठा बराच खाली आणला होता. तो मी परत भरला आहे. या वर्षी डबे वाढवले आहेत, कारण आईने हिशोबात गल्ली धरली आहे आणि मला विचारलेलं नाही. बाबांचं मत बदललेलं नाही. साठा म्हणजे भीती असं ते आजही म्हणतात, आणि वरच्या फळीवरचे डबे आईला खाली काढून मागतात. पुन्हा कधी गाडी आली तर ते रांगेत उभे राहतील, पाठ फिरवतील, की आणखी काही करतील, ते त्यांचं त्यांनी ठरवावं. मी त्यात पडणार नाही. ते जेवून ठरवतील, एवढंच माझ्याकडे आहे. ज्याला हसायचं असेल त्याने दिवाणावर बसून हसावं, जरा जपून.